घरट्यावरील पक्ष्यांचे छायाचित्रण (मराठवाडा)

घरट्यावरील पक्ष्यांचे छायाचित्रण : रानपक्षी घरटे बांधत, अंडी उबवत किंवा पिलांना भरवत असताना त्यांची छायाचित्रे घेणे. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कर्टन या भावांनी 1892 मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. त्या काळी अंडी उचलून, आतून पोकळ करून पेटीत जपून ठेवण्याची रीत होती. कॅमेऱ्यामुळे ती घरट्यातच राहू लागली. हे कॅमेऱ्याचे मोठे देणे. पण त्याच कॅमेऱ्यामुळे घरटे उजाडही होते, आणि मराठवाड्यात हा धोका अधिक आहे.

इथल्या मुरमाड माळांवर झाडे विरळ. टिटवी, माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. माळटिटवीचे घरटे म्हणजे खड्यांमधली उथळ खळगी. त्यात साधारण 4 अंडी, रंग मातीचाच. उबवणीला सुमारे 4 आठवडे लागतात आणि विणीचा मुख्य हंगाम भर उन्हाळ्यातला. एप्रिल-मेच्या दुपारी पारा 40 अंशांपुढे गेला की पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. टिटव्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. माणूस जवळ आला की पक्षी उठून ओरडत घिरट्या घालतो आणि तेवढ्या वेळात उघड्या अंड्यांतला जीव होरपळू शकतो. वरून काहीच बिघडलेले दिसत नाही. छायाचित्र उत्तम येते, अंड्यांतून पिले मात्र निघत नाहीत. म्हणून इथे उन्हाच्या वेळी जमिनीवरच्या घरट्याकडे फिरकूच नये.

पक्षी उडून गेला नाही म्हणजे तो निर्धास्त आहे, असेही नाही. ओढ्यांच्या दरडीत बीळ करणाऱ्या वेड्या राघूवर मिलिंद वाटवे व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बिळाचे तोंड दिसेल अशा जागी माणूस उभा असला की राघू आत शिरायचे टाळतो. बीळ दिसत नसेल अशा जागी उभा असला तर त्यामानाने सहज शिरतो, असे त्यात आढळले. छायाचित्रकाराला तर बीळ दिसावेच लागते! चोचीत चतुर धरून तारेवर ताटकळलेला राघू चित्रात देखणा दिसतो, पण तेवढा वेळ बिळातली पिले उपाशी असतात.

यावर जुना उपाय लपणाचा, म्हणजे आत दडून बसायच्या आडोशाचा. कापडी लपण काही दिवसांत थोडे थोडे पुढे सरकवतात. दोघांनी आत शिरायचे आणि एकाने निघून जायचे, ही त्यातली ठरलेली युक्ती. माणसे गेली असे समजून पक्षी परततो. बांधालगत उभी केलेली गाडीही चांगले लपण ठरते. 400 ते 600 मिमीच्या लेन्सने लांबूनच काम भागते. चित्र मोकळे यावे म्हणून फांद्या छाटल्या तर ऊन आणि कावळा दोन्ही आत पोचतात.

ज्याच्या रानात घरटे आहे त्या शेतकऱ्याला आधी विचारावे, कारण पुष्कळदा त्याला ते आपल्या आधीच ठाऊक असते. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊसकाळ चांगला, असा अंदाज खेड्यांत अजून बांधतात. कुळवाची पाळी घालताना अंड्यांभोवती जागा सोडणारे शेतकरीही आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हे ‘शिकार’ या व्याख्येतच येते. पैठणजवळचे जायकवाडी किंवा बीड जिल्ह्यातले नायगाव मयूर अशा अभयारण्यांत छायाचित्रणासाठी वनखात्याची परवानगी लागते. अनेक स्पर्धा आता घरट्यांची छायाचित्रे स्वीकारतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. घरट्याचे ठिकाण कुणाला कळवू नये. मोबाइलने काढलेल्या चित्रात ते आपोआप नोंदले जाऊ शकते.

नवख्याने सुरुवात सुगरणीपासून करावी. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला नर अर्धवट खोपे विणतो, मादी येऊन ते पारखते आणि तिला पसंत पडला तरच तो पुरा होतो. या अर्ध्या खोप्यांत अंडी नसतात. विहिरीच्या पलीकडच्या काठावर शांत बसले तर विणकाम तासन् तास पाहता येते. हंगाम सरला की रिकामे खोपे झाडालाच लोंबत राहतात; त्यांची वीण मग अगदी जवळून टिपावी.