सेपक टकरा : खेळाची परिभाषा, मूलभूत नियम आणि साहित्याची निवड
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सेपक टकराचा चेंडू किंवा जाळी मागवणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही प्रथम एकच प्रश्न विचारतो : साहित्य मुलांच्या संघासाठी हवे आहे की मुलींच्या? या खेळात चेंडूचे वजन, त्याचा घेर आणि जाळीची उंची या तिन्ही गोष्टी पुरुष आणि महिला गटांसाठी वेगवेगळ्या ठरवून दिलेल्या आहेत, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नियम नीट समजले की साहित्य निवडणे सोपे जाते, या विश्वासाने हे माहितीपत्रक आम्ही तयार केले आहे.

सेपक टकरा हा आग्नेय आशियातील, विशेषतः मलेशिया आणि थायलंड या देशांत रुजलेला खेळ आहे. क्वालालंपूर येथे १९६५ साली झालेल्या आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय क्रीडा स्पर्धेत तो खेळला गेला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून तो पदकांचा खेळ झाला. जाळीच्या दोन्ही बाजूंना संघ उभे राहतात, म्हणून पाहणाऱ्याला व्हॉलीबॉल आठवतो. मात्र येथे सर्व्हिससाठी चेंडू फेकून देणे सोडले तर हाताचा वापर वर्ज्य असून पाय, गुडघा, छाती, खांदा आणि डोके यांनीच चेंडू खेळावा लागतो.

मैदान १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असते, म्हणजेच बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच. त्यामुळे ज्या शाळेत बॅडमिंटनचे मैदान आखलेले आहे, तिला नव्या जागेसाठी खर्च करण्याची गरज नाही. फक्त काही आखणी वाढवावी लागते. मागच्या रेषेपासून २.४५ मीटर अंतरावर, दोन्ही बाजूंच्या रेषांच्या बरोबर मध्ये, ३० सेंटिमीटर त्रिज्येचे सर्व्हिसचे वर्तुळ काढावे, आणि जाळीखालची मध्यरेषा जेथे बाजूच्या रेषांना मिळते तेथे ९० सेंटिमीटर त्रिज्येचे पाव वर्तुळ काढावे. मैदानाच्या वर आठ मीटर उंचीपर्यंत कोणताही अडथळा नसावा. कमी उंचीच्या सभागृहात सराव घेणाऱ्यांनी हे अंतर आधी मोजून पाहावे, कारण छताला लागलेला चेंडू चूक धरला जातो.

जाळीची उंची मध्यभागी पुरुषांसाठी १.५२ मीटर आणि महिलांसाठी १.४२ मीटर असते. खांबांजवळ ती अनुक्रमे १.५५ आणि १.४५ मीटर असते. पुरुष गटाची उंची बॅडमिंटनच्या जाळीशी जुळते, म्हणून काही ठिकाणी तीच जाळी वापरली जाते. आमचा सल्ला असा, की सुरुवातीच्या काही दिवसांपुरते हे चालेल, पण पायाने जोरात मारलेला चेंडू त्या नाजूक विणीला सोसत नाही. सेपक टकराच्या जाळीचे चौकोन सहा ते आठ सेंटिमीटरचे आणि दोरी जाड असते, तर जाळीची रुंदी ७० सेंटिमीटर असते.

चेंडू पूर्वी वेताचा विणलेला असे; आता तो कृत्रिम धाग्याचा असतो. रबराचे आवरण नसलेल्या चेंडूला १२ छिद्रे आणि विणीतील धागे एकमेकांना छेदतात अशा २० जागा असल्याच पाहिजेत. पुरुषांच्या चेंडूचा घेर ४१ ते ४३ सेंटिमीटर आणि वजन १७० ते १८० ग्रॅम असते. महिलांच्या चेंडूचा घेर ४२ ते ४४ सेंटिमीटर आणि वजन १५० ते १६० ग्रॅम असते. महिलांचा चेंडू हलका असूनही आकाराने किंचित मोठा असतो, हे लक्षात ठेवावे. केवळ हातात धरून अंदाज बांधू नये.

तीन खेळाडूंच्या संघाला रेगू म्हणतात. मागे उभा राहून सर्व्हिस करणारा तो टेकाँग, आणि जाळीजवळ डावी-उजवीकडे असणारे दोघे आतले खेळाडू. त्यांपैकी एक बहुधा चेंडू उंच उठवून देतो आणि दुसरा हवेत झेप घेऊन, कधी कोलांटी मारत, पायाने तो खाली मारतो. हा फटका पाहण्यासारखा असतो, पण सामन्याचा पाया टेकाँगच्या सर्व्हिसवर उभा असतो, आणि नवशिक्या संघांचे सर्वाधिक गुण आमच्या पाहण्यात तेथेच जातात.

सर्व्हिसच्या वेळी आतले दोन्ही खेळाडू आपापल्या पाव वर्तुळात उभे राहतात. पंचांनी गुणसंख्या पुकारल्यानंतर त्यांपैकी एक जण हाताने चेंडू टेकाँगकडे फेकतो; पुकारण्यापूर्वी फेकल्यास ती चूक ठरते. टेकाँगने एक पाय वर्तुळाच्या आत जमिनीवर टेकवून दुसऱ्या पायाने चेंडू मारायचा असतो. त्याने दोन्ही पाय उचलून उडी मारली, रेषेवर पाय दिला किंवा फेकलेला चेंडू मारलाच नाही, तर गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडच्या मैदानात पडला, तर तो ग्राह्य असतो. सर्व्हिस झाल्यावर मात्र सर्व खेळाडू आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही हालचाल करू शकतात.

चेंडू आपल्या बाजूला आल्यावर तीन स्पर्शांच्या आत तो परत पाठवावा लागतो. एकाच खेळाडूने सलग दोन किंवा तिन्ही स्पर्श केले तरी चालते, आणि व्हॉलीबॉलपासून आलेल्या मुलांना हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो. हाताला चेंडू लागणे, जाळीला किंवा खांबाला अंगाचा स्पर्श होणे, चेंडू पायांत वा शरीराशी अडकवून ठेवणे, या सर्व चुका आहेत. सर्व्हिस कोणाचीही असो, चूक झाली की गुण समोरच्या संघाला मिळतो. सेट १५ गुणांचा की २१ गुणांचा, आणि सामना किती सेटचा, याचे नियम अलीकडे अनेकदा बदलले आहेत. म्हणून संघ पाठवण्यापूर्वी त्या स्पर्धेचे परिपत्रक अवश्य वाचावे.

भारतात या खेळाचा महासंघ १९८२ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे कार्यालय नागपुरात राहिले, ही महाराष्ट्रातील खेळाडूंसाठी अभिमानाची बाब आहे. भारतीय पुरुष संघाने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, त्यानंतर हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत महिलांच्या रेगूने कांस्यपदक जिंकले, आणि २०२५ मध्ये पाटणा येथील विश्वचषकात पुरुषांच्या रेगूने सुवर्णपदक पटकावले.

मागणी नोंदवताना गट, चेंडूंची संख्या, मैदान बंदिस्त आहे की उघडे, आणि खांब जमिनीत रोवायचे आहेत की हलवता येण्याजोगे हवेत, एवढी माहिती कृपया लेखी कळवावी. चेंडू ताब्यात घेताना आमच्या दुकानातील काट्यावर त्याचे वजन आणि फितीने त्याचा घेर आपण स्वतः मोजून घ्यावा.