हुजुरात

मराठी राज्यात मध्यवर्ती सत्तेच्या थेट हुकमतीखाली असलेली राखीव फौज, प्रामुख्याने घोडदळ. ‘हुजरात’ असाही लेखनभेद आढळतो. सरंजामी सरदारांच्या पथकांहून ती दोन बाबतींत वेगळी होती : तिचा खर्च सरकारी खजिन्यातून चाले आणि तिचे निशाण जरीपटका हे असे. उत्तर पेशवाईत तिचे मुख्य ठाणे पुणे होते.

शब्दाचे मूळ अरबी ‘हुजूर’ म्हणजे सान्निध्य, समक्षता. ‘हुजरा’ (खोली) या शब्दाशीही ध्वनिसाम्य आहे. तथापि ‘हुजूर दफ्तर’, ‘हुजूर खजिना’ ही जोडनावे पाहता पहिली व्युत्पत्तीच सयुक्तिक वाटते. मोडी कागदांत मात्र हा शब्द सैल वापरला जातो. कधी त्याचा अर्थ फौज, कधी धन्याची छावणी, तर कधी नुसता दरबार. ‘हुजुरातीस रवाना केले’ एवढ्यावरून स्वार गेले की कागद गेले, हे संदर्भाशिवाय ठरत नाही. फौजेचे आकडे काढताना झालेल्या बऱ्याच चुकांचे मूळ येथे आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार हुजुरातीचे मूळ शिवकालीन सरकारी पागेत (सरकारी घोड्यांच्या घोडदळात) आहे. सभासद बखरीप्रमाणे २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरील स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी असे. बारगिरांचा हिशेब केल्यास हजारीकडे १,२५० व पंचहजारीकडे ६,२५० स्वार येतात. म्हणजे पदनाम व संख्या जुळत नाहीत. पदे मोगली धर्तीची, तर मोजणी स्वतंत्र, असे यावरून दिसते. दुसरे मत शाहू छत्रपतींच्या साताऱ्याच्या हुजुरातीपासून परंपरा मोजते. पेशव्यांची स्वतःची पागा थोरल्या बाजीरावाच्या काळी होतीच. पण तिला ‘हुजुरात’ म्हणण्याचा प्रघात बहुधा शाहूंच्या निधनानंतर (१५ डिसेंबर १७४९), कारभाराचे केंद्र पुण्यास आल्यावर, पक्का झाला असावा. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही : रचना पहिल्याकडून आली, नाव दुसऱ्याकडून.

बारगिराला घोडे सरकारी मिळे, शिलेदार स्वतःचे आणी. लढाईत हा भेद निर्णायक ठरे. शिलेदाराचे घोडे पडले की त्याची रोजी गेली. त्यामुळे तो ऐन गर्दीत घोडे घालताना हात राखून असे. बारगिराला ती धास्ती नव्हती. समोरासमोरच्या हल्ल्यासाठी पागेवर भिस्त का, याचे उत्तर शौर्यापेक्षा या हिशेबात अधिक आहे. उलट बाजूने, सरकारी घोड्याची हयगय होण्याची भीती असे. मोहिमेपूर्वी शिलेदारांना आगाऊ दिल्या जाणाऱ्या रकमेस ‘नालबंदी’ म्हणत. ती उचलून उसन्या घोड्यांवर हजेरी भरण्याचे प्रकार होत. म्हणून स्वार व घोडे यांच्या खुणा टिपून ठेवणे भाग पडे.

पागेतील २५ घोड्यांमागे एक नालबंद (नाल ठोकणारा) व एक पखालजी (पखालीने पाणी वाहणारा), हे प्रमाण बारकाईने पाहण्याजोगे आहे. २५ घोड्यांचे १०० खूर होतात. साधारण दीड महिन्याला नाल बदलायचे म्हटले, तर नालबंदाच्या वाट्याला दिवसाआड एक घोडे येते, आणि हे काम एका माणसाच्या आवाक्यातले आहे. दख्खनच्या खडकाळ वाटांवर नाल लवकर झिजत, तेव्हा हाच हिशेब कोलमडे व लंगडी घोडी मागे राहत. पाण्याचे प्रमाण त्याहून तोकडे. घोड्याला दिवसाकाठी २५ ते ४० लिटर पाणी लागते; एका पखालीने ते भागणे नाही. घोडी ओढ्या-नदीवरच पाजली जात आणि पखाल ही कोरड्या मुक्कामाची तरतूद असावी. तोबऱ्यातील चंदी आणि वैरण तुटली की पागा आधी बसे, कारण शिलेदारासारखी आपली सोय आपण पाहण्याची मोकळीक तिला नसे.

पानिपतावर (१४ जानेवारी १७६१) हेच घडले. सदाशिवरावभाऊ व विश्वासराव हुजुरातीसह मध्यभागी होते. लढाईचा समकालीन वृत्तांतकार काशिराज खासपागेची (सरकारी पागेची) संख्या ६,००० देतो. नंतरचे अंदाज मध्यभागाची फौज १३,००० च्या वर नेतात. पहिला आकडा निव्वळ पागेचा व दुसरा जोडून दिलेल्या पथकांसह असावा. येथे एक गल्लत टाळावी. हुजुरात ही राज्याची राखीव फौज होती, रणांगणावरची नव्हे. भाऊंनी ती आरंभापासून मुख्य हल्ल्यात घातली. अब्दालीने मात्र राखीव तुकड्या मागे ठेवल्या. काशिराजाच्या वृत्तांतानुसार दुपारी त्याने सुमारे ४,००० स्वार उजव्या बगलेस व सुमारे १०,००० वजिराच्या मदतीस पाठविले. तेव्हा उपाशी घोड्यांवरच्या हुजुरातीमागे ताजी फळी उरली नव्हती.

माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७६१–७२) हुजुरात सावरली; सरदारांना वचकात ठेवण्याचे साधन म्हणून तिचा उपयोग या काळात ठळक दिसतो. खर्ड्याच्या लढाईत (मार्च १७९५) ती हरिपंत फडक्यांचे चिरंजीव बाबा फडके यांच्याकडे होती; एकंदर सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांचे.

वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) किमान ६,००० इंग्रजी पायदळ पेशव्यांच्या राज्यात कायम ठेवण्याचे ठरले व त्यासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला गेला. राखीव फौजेची जागा अशा रीतीने भाडोत्री फौजेने घेतली. जून १८१७ च्या पुणे तहातून उभ्या राहिलेल्या घोडदळाचा वारसा आजच्या भारतीय सैन्यातील ‘पूना हॉर्स’ सांगते.

खडकीस (५ नोव्हेंबर १८१७) बापू गोखल्यांनी निवडक सुमारे ६,००० स्वार इंग्रजांच्या पुढे सरकलेल्या सातव्या पलटणीवर सोडले. मधली दलदल कोणाच्या ध्यानी आली नव्हती. पुढची घोडी रुतली, मागची त्यांच्यावर आदळली, आणि हल्ल्याचा जोर बंदुकांच्या माऱ्यातच संपला. जरीपटक्याचे मानकरी मोरो दीक्षित याच दिवशी पडले. आष्टीस (२० फेब्रुवारी १८१८) गोखले मारले गेल्यावर हुजुरात संघटित रूपात दिसत नाही.

पुण्यातील तिच्या पागांपैकी एकीचे नाव लक्ष्मी रस्त्यावरील हुजूरपागेत टिकले आहे. त्या जागी १८८४ साली स्थापन झालेली मुलींची शाळा भरते.