आगीचा वर्ग, बंबाचं वर्गमूळ

सोफ्याच्या कोपऱ्याला लागलेली आग पहिल्या मिनिटाला किरकोळ दिसते आणि इथेच माणूस फसतो. खोलीतल्या आगीचं गणित मांडताना अभियंते तिची ताकद वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात: वेळ दुप्पट, तर आग चौपट. वाढीच्या वेगानुसार ते आगींचे गट पाडतात; त्यातल्या ‘जलद’ गटातली आग अडीच मिनिटांत साधारण १ मेगावॉटवर जाते, म्हणजे एक किलोवॉटचे हजार हीटर एकदम पेटवावेत तशी. तापलेला धूर छताखाली साचत खाली उतरतो. त्या थराचं तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोचलं की त्याच्या नुसत्या धगीने टेबल, पडदे, गालिचा सगळं वाफाळू लागतं आणि काही सेकंदांत अख्खी खोली पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत कुणी वाचत नाही.

बंबाचं गणित मात्र नेमकं उलटं. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचा अभ्यास करणाऱ्या पीटर कोलेसार आणि एडवर्ड ब्लम यांनी १९७३ साली दाखवलं, की जवळच्या बंबाचं घटनास्थळापासूनचं सरासरी अंतर मोकळ्या बंबांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. अंतर निम्मं करायचं, तर बंब चौपट हवेत! ‘मोकळ्या’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. एका वस्तीत मोठी आग लागली की तिथे अडकलेले बंब हिशेबातून जातात आणि शेजारच्या वस्त्यांचं अंतर वाढतं, तिथे ठिणगीही पडलेली नसताना. म्हणूनच अशा वेळी लांबच्या केंद्रातला बंब रिकाम्या केंद्रात आणून उभा करतात. आग लागल्याच्या खोट्या वर्दीचा माझा राग याच कारणाने आहे.

हातातली मिनिटं वाढवायचा सोपा उपाय म्हणजे बाहेर पडताना खोलीचं दार ओढून घेणं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १५ टक्क्यांच्या आसपास आला की ज्वाळा मंदावतात. पण ती आग मेलेली नसते. खोलीत न जळालेला, तापलेला वायू कोंडलेला असतो आणि दार उघडताच आत घुसणारी ताजी हवा त्याचा भडका उडवते.

म्हणून जवान धावत येऊनही दारापाशी थबकतात. मागे जमलेली माणसं ओरडत असतात, ‘तोडा ना दार!’ पुढचा जवान गुडघ्यावर बसलेला असतो. तो नळीत पाणी यायची वाट पाहत असतो. चपटी नळी फुगून ताठ झाली की मगच दाराला हात घालतात.