नळी आणि जाळी: हाडाच्या दोन ऊतींची पार्श्वभूमी

सावजी रश्श्यातली नळी ठोकून चोखणाऱ्या नागपूरकराच्या ताटात हाडाच्या दोन्ही ऊती असतात. नळीची भिंत म्हणजे घट्ट हाड. सांध्याकडचा गड्डा फोडला की आत दिसते ती जाळी, म्हणजे स्पंजी हाड. माल एकच, कोलॅजन नावाचं प्रथिन आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. फरक पोकळीचा: घट्ट हाडात साधारण ५ ते १० टक्के, स्पंजीत ५० ते ९०.

घट्ट हाडाचा उलगडा सूक्ष्मदर्शकामुळे झाला. इंग्लिश वैद्य क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ मध्ये त्यातल्या बारीक नलिकांचं वर्णन केलं. त्यांतून मज्जेचं तेल झिरपतं, असा त्यांचा समज होता. असतात त्या रक्तवाहिन्या. नाव मात्र हॅवर्सचंच राहिलं. या नलिका बघायला आजही सुकं हाड कापून, दगडावर घासून, आरपार उजेड येईल इतकं पातळ करतात. पेशींच्या खाचा काळ्या दिसतात त्या आत अडकलेल्या हवेमुळे. वरून लावलेला बाल्सम (काच चिकटवायचा पारदर्शक डिंक) पातळ असला तर तो खाचांत शिरतो आणि चित्र पुसलं जातं. स्पंजी हाडाच्या काड्या जेमतेम ०.१ ते ०.२ मिमी जाड, घासताना मोडतात. म्हणून ते आधी आम्लात मऊ करून मग कापायचं.

जाळीतल्या काड्यांची मांडणी अशीच का, हे कोडं सुटायला मात्र करवत पुरली. झुरिकमध्ये १८६६ साली शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फॉन मायर यांच्याकडच्या, मांडीच्या उभ्या चिरलेल्या हाडातल्या काड्यांच्या रेषा कार्ल कुलमान या इंजिनिअरने पाहिल्या. क्रेनमधल्या ताण-दाबाच्या रेषा त्याला तशाच वाटल्या. जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये नियम मांडला: भार बदलला की हाडाची घडण बदलते. भारतीय अस्थितज्ज्ञ मनमोहन सिंग (माजी पंतप्रधान ते वेगळे) आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये याच रेषा एक्सरेत मोजून हाडाच्या ठिसूळपणाच्या सहा पायऱ्या ठरवल्या. पायरी सहा म्हणजे सगळ्या रेषा शाबूत, एक म्हणजे जवळपास सगळ्या गेल्या.

विदर्भात या जाळीचं दुखणं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातूनही पुढे येतं. विळ्यासारख्या पेशी खुब्याच्या गोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, काड्या मरतात. पण मेलेली काडी काही काळ तशीच उभी राहते, म्हणून सुरुवातीचा एक्सरे चांगला दिसतो आणि एमआरआयत बिघाड आधी कळतो. एक्सरेत कूर्चेखाली चंद्रकोर दिसू लागली, की जाळी खचायला लागलेली असते.