अभयारण्य म्हणजे गाव उठणारच का?

गोव्यातल्या सत्तरी-काणकोणात वर्षानुवर्षं फिरणारा निरोप असा: 'अभयारण्य झालं की गाव उठवतात, आपल्या काजूलाही हात लावता येत नाही.' भीती समजण्यासारखी आहे, कारण काजूच्या बोंडूवर अनेक घरांचा वर्षाचा हिशेब उभा असतो. पण यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यात राष्ट्रीय उद्यानाचे नियम कडक आहेत: तिथले खाजगी हक्क आधी सरकारकडे जातात आणि गुरं चारायला बंदी असते. अभयारण्यात तसं नाही. तिथे जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करायची असते आणि मुख्य वन्यजीव रक्षकाशी सल्लामसलत करून तो ते चालूही ठेवू शकतो. ज्याची आत जमीन आहे, त्याला जायला परवाना लागत नाही. मोलेत उद्यान आणि अभयारण्य शेजारी-शेजारी आहेत, घोळ बहुधा तिथूनच.

मोकळीक मात्र सरसकट नाही. परवानगीने काढलेला वनोपज आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरता, विक्रीसाठी नाही. व्यापारी हॉटेल-लॉज बांधायला तर केंद्राच्या पातळीवरची पूर्वमंजुरी लागते. जंगलात राहणाऱ्यांच्या हक्कांसाठीचा वनहक्क कायदा 2006 चा, त्याखालचे दावे यापेक्षा वेगळे.

पडताळायचं कसं? आपला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा. कब्जेदार आणि इतर हक्क हे रकाने वाचा. मग राजपत्रातली अधिसूचना घेऊन आपला सर्व्हे नंबर हद्दीत येतो का, आणि ती हद्द उद्यानाची की अभयारण्याची, हे बघा.