गॉलिश शिलालेखांतील भूतकाळ लॅटिनमधून आला का?

गॉलिश म्हणजे प्राचीन गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या भागातील) केल्टिक भाषा. तिच्या शिलालेखांतील ‘देदे’ (दिले) हे क्रियापद लॅटिन ‘देदित’वरून उचलले आहे आणि अर्पणलेख कोरण्याची रीतच केल्टांनी रोमनांकडून घेतली, असा समज फार दिवस चालत आला आहे, तो पुराव्यावर टिकत नाही. साम्य आहे ते सामाईक वारशाचे, कारण क्रियापदाच्या धातूच्या आरंभाची द्विरुक्ती करून भूतकाळ साधण्याची ही पद्धत संस्कृत ‘ददौ’मध्येही दिसते. दक्षिण फ्रान्समधील ‘देदे’चे लेख तर ग्रीक लिपीत आहेत. इटलीत कोमोजवळच्या प्रेस्तिनो येथील, एट्रुस्कन (रोमनांआधीच्या इटलीतील एका समाजाच्या) वळणाच्या लिपीतला केल्टिक लेख इ.स.पू. ५व्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जातो, म्हणजे तिथे रोमन सत्ता पोहोचण्याच्या कितीतरी आधीचा. त्यातल्या ‘तेतु’चा अर्थही सहसा ‘दिले’ असाच लावतात.

‘इएउरु’ (अर्पण केले) हे रूप मला अधिक निर्णायक वाटते. फ्रान्समधील आलीझ-सँत-रेन येथील लेखात मार्तियालिस नावाचा माणूस उकुएतिस देवाला एक वास्तू अर्पण करतो ती याच क्रियापदाने. त्याचे नाव रोमन आहे, क्रियापद मात्र अस्सल केल्टिक: अभ्यासक त्याचा संबंध प्राचीन आयरिश ‘-ईर’शी जोडतात, आणि मूळच्या द्विरुक्त रूपातील ‘प’ त्यात केल्टिक नियमानुसार गळालेला आहे.

केल्टिक लेख लॅटिनची शब्दशः नक्कल नव्हते, हे इटलीतील तोदी येथील द्विभाषिक लेखातही दिसते: लॅटिन मजकूर ‘लोकावित एत स्तातुइत’ (ठेवले आणि उभारले) अशी दोन क्रियापदे वापरतो, तर केल्टिक मजकुराचे काम ‘कार्नितु’ या एकाच क्रियापदावर भागते.