एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि अँटिबायोटिक यांचा जोडउपचार

फुप्फुसांच्या चिवट जिवाणुसंसर्गात अँटिबायोटिकच्या जोडीला अँटिऑक्सिडंट (पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारे द्रव्य) देण्याची पद्धत. त्यासाठी मुख्यतः एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन (एनएसी) वापरतात. इंदूरसह माळव्यात अशा संसर्गाचे नेहमीचे कारण म्हणजे जुना क्षयरोग. तो बरा होतो, पण मागे रुंदावलेल्या, कफ साठवणाऱ्या श्वासनलिका (ब्रॉन्किएक्टेसिस) उरतात. तिथे स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू स्वतःभोवती चिकट थर, म्हणजे जैवपटल, करून राहतो. पटलाच्या खोल थरांतले जिवाणू जवळजवळ वाढतच नाहीत, त्यामुळे बहुतेक अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत.

एनएसीच्या रेणूतला मोकळा थायॉल (गंधकयुक्त) गट कफाला चिकटपणा देणाऱ्या म्युसिन या प्रथिनाचे डायसल्फाइड (गंधकाचे) बंध तोडतो आणि कफ पातळ होतो. शिवाय पेशींना ग्लुटाथिओन हे त्यांचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट बनवायला सिस्टीन मिळते. क्षयाच्या प्रयोगशाळेत बेडका (खोकून काढलेला कफ) कल्चरला (जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीला) लावण्यापूर्वी तो पातळ करायला सोडियम हायड्रॉक्साइडसह एनएसीच सुमारे १५ मिनिटे मिसळून ठेवतात.

खरी अडचण मात्रेची आहे. प्रयोगशाळेत जैवपटल मोडायला मिलिलिटरमागे काही मिलिग्रॅम एनएसी लागते. ६०० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळीतले जेमतेम दहा टक्के रक्तात पोचते, म्हणून गोळीने जैवपटल मोडेल ही अपेक्षा चुकीची ठरते. गोळीत सोडियमही असते. रक्तदाबाच्या रुग्णाने ते लक्षात घ्यावे.

नेब्युलायझरने (औषधाची वाफेसारखी फवार करणाऱ्या यंत्राने) औषध थेट श्वासनलिकेत जाते: २० टक्के द्रावण ३ ते ५ मिलिलिटर, दिवसातून ३-४ वेळा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका याने आवळू शकतात, म्हणून आधी त्या मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल देतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो औषधाचाच. द्रावण लोखंड, तांबे, रबर यांच्याशी अभिक्रिया करते, त्यामुळे भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे हवे. उघडलेली कुपी फ्रीजमध्ये ठेवून ९६ तासांत संपवावी. पातळ झालेला कफ बाहेर काढावाच लागतो. खोकण्याची ताकद नसलेल्या वृद्धाजवळ सक्शन (कफ ओढून काढणारे यंत्र) तयार नसेल तर त्याचा श्वास कोंडू शकतो. कफात रक्त दिसले तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

कोणते अँटिबायोटिक, यावर बरेच ठरते. काचनळीतल्या प्रयोगांत एनएसीमुळे इमिपेनेम, मेरोपेनेमचा जोर घटतो. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि जेंटामायसिनसारख्या औषधांबाबतही तसे आढळले आहे. उलट कोलिस्टिन या अँटिबायोटिकला अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूविरुद्ध बळ मिळते. रुग्णांमध्ये याचा किती परिणाम होतो हे ठरलेले नाही, तरी तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकमध्ये आणि एनएसीमध्ये दोन तासांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे. नेब्युलायझरच्या एकाच कपात दोन्ही कधीही मिसळू नयेत: आधी एनएसी, मग कफ काढणे, त्यानंतर श्वासावाटे द्यायचे अँटिबायोटिक. अँटिबायोटिक बदलण्यापूर्वी सकाळच्या पहिल्या खोल बेडक्याचे कल्चर करावे.

इंदूरमध्ये नळाला येणारे नर्मदेचे पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेले असले तरी नेब्युलायझरच्या कपात घालू नये. स्यूडोमोनास नळाच्या पाण्यातही तग धरतो. द्रावण पातळ करायला निर्जंतुक सलाइनच वापरावे. कप रोज साबणाने धुऊन, उत्पादकाने चालेल असे सांगितले असल्यास ५ मिनिटे उकळावा आणि पूर्ण कोरडा करून ठेवावा.